रक्ताच्या कॅन्सरच्या पेशींवर आपल्याकडची झाडं तपासायचीत, कुठलं घेऊ?

कऱ्हाडची_कृष्णा
नमस्कार मंडळी. मी एमएस्सी बायोटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कराडला. प्रोजेक्टचा विषय मिळालाय: सातारा-सांगली भागातल्या औषधी वनस्पतींचे अर्क काढायचे आणि ल्युकेमियाच्या पेशींवर टाकून बघायचं मरतात का. पेशी दोन प्रकारच्या मिळणारेत, एचएल-६० आणि के-५६२, पुण्याच्या एनसीसीएसमधून (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र). चाचणी एमटीटी, म्हणजे जिवंत पेशी पिवळ्या रंगाचा जांभळा करतात, त्यावरनं त्या मोजायच्या. सर म्हणालेत झाड तुम्ही निवडा, पण का निवडलं ते सांगता आलं पाहिजे.

घरी विचारलं तर आजी म्हणते गुळवेल घे, तासगावचे मामा म्हणतात हळद सोडून दुसरं काही घेतलंस तर घरी येऊ नको, मैत्रिणीने तुळस घेतलीय. नेटवर शोधलं तर जवळपास प्रत्येक झाडावर कुणीतरी पेपर लिहिलाय आणि सगळ्यांचा शेवट एकच, हे झाड कॅन्सरवर आशादायक आहे. एवढी सगळी आशादायक असतील तर औषधं कुठंयत? हे मी खरंच विचारतेय. आणि झाडही सुचवा.

निवांत_सातारकर
अभिनंदन आणि शुभेच्छा. कासवरनं काही उपटून आणू नका एवढीच विनंती, बाकी डोंगर तुमचाच आहे.

हळदवाला_सांगली
मामांना आमचा नमस्कार सांगा ताई, माणूस पारखी आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, म्हणजे 'स्थानिक वनस्पती का घेतली' याचं उत्तर सरांना तयारच आहे. हरिपूरच्या पेवातली हळद आमच्या तीन पिढ्यांनी विकली. हळदीतल्या कुरकुमीनने कॅन्सरच्या पेशी मरतात हे तर जगजाहीर आहे. राजापुरी लागली तर मार्केट यार्डात या, पैसे घेणार नाही.

पेशीवाला
मूळचा विट्याचा, सध्या पुण्यात. बरीच वर्षं कल्चर रूममध्ये (पेशी वाढवायच्या खोलीत) गेली म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कृष्णा, तुमचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा आहे. पेशी मारणं सोपं असतं. ताटलीत फिनेल टाका, मीठ टाका, कडक चहा टाका, पेशी मरतील. झाडात टॅनिन असतात ती प्रथिनांना चिकटून त्यांचा साका करतात, सॅपोनिन असतात (रिठ्याचा फेस येतो ना, तेच) ती पेशीचं आवरणच फोडतात, मग ती पेशी कॅन्सरची असो नाहीतर निरोगी. त्यामुळे 'मरतात का' याचं उत्तर बहुतेक वेळा 'हो, भरपूर टाकलं तर' असंच येतं. विचारायचं ते किती कमी मात्रेत मरतात, कशाने मरतात आणि निरोगी पेशी त्याच मात्रेत जगतात का.

मात्रेचा हिशोब करून बघा. बऱ्याच पेपरांत अर्धी पेशीसंख्या खाली आणणारी मात्रा, म्हणजे आयसी-५०, १०० ते २०० मायक्रोग्रॅम प्रति मिली दिलेली असते आणि खाली लिहितात 'परिणामकारक'. माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त. १०० मायक्रोग्रॅमच्या हिशोबाने ५०० मिलीग्रॅम अर्क एकाच वेळी रक्तात विरघळलेला पाहिजे, तोही पोटात न पचता, लिव्हरने न मोडता. शिवाय तो फक्त रक्तात थांबत नाही, सगळ्या अंगभर पसरतो, म्हणजे आणखी कितीतरी पट लागणार. म्हणून अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटचा (एनसीआय) जुना अंगठानियम असा की कच्चा अर्क असेल तर २०-३० मायक्रोग्रॅमच्या खाली परिणाम दिसला तरच पुढं जायचं. ही चाळणी लावलीत तर नेटवरचे निम्म्याहून जास्त पेपर गळतील असं माझं मत.

हळदवाला_सांगली
म्हणजे आमची हळद पण गळाली का ओ?

पेशीवाला
दादा, राग मानू नका. कुरकुमीन ताटलीत खरंच पेशी मारतं. पण ते पाण्यात विरघळत नाही, मीडियात (पेशी वाढवायच्या द्रवात) टाकलं की बघता बघता मोडतं आणि पोटातनं रक्तात जवळजवळ पोचतच नाही. शिवाय ते पिवळं आहे आणि चमकतं, त्यामुळे रंगावर किंवा चमकेवर चालणाऱ्या चाचण्यांना चकवतं. २०१७ ला औषध-रसायनशास्त्राच्या एका मोठ्या नियतकालिकात यावर लांबलचक आढावा आला होता, शंभरावर क्लिनिकल ट्रायल होऊनही नीट प्लासिबो (तुलनेला नकली गोळी) लावून केलेल्या एकाही ट्रायलमध्ये ठाम यश नाही असं त्यात मांडलंय. भाजीत हळद घालाच. प्रोजेक्टला मात्र मी सुचवणार नाही.

हळदवाला_सांगली
भाजीत घाला म्हणालात तेवढं बास, मार्केट पडायचं नाही. बाकी वाचतोय.

रानवाट
मी पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेच्या बाजूला राहतो. नरक्या घ्या म्हणून कुणीतरी सांगणारच तुम्हाला, त्याच्या आधी मी बोलतो. नरक्या म्हणजे अमृता, शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना. यात कॅम्पटोथेसिन असतं, कॅन्सरच्या औषधाचा कच्चा माल. त्यापायी आमच्याकडच्या डोंगरात रात्रीची तोड व्हायची, खोडाचे तुकडे पोत्यांत भरून खाली जायचे. झाड तोडल्यावर बुडख्यातनं फुटतं म्हणून तग धरून आहे, पण जुनी जाड झाडं आता दिसत नाहीत. विद्यार्थ्यांनी एक-एक फांदी म्हणत नेली तरी ते झाडाला झेपणारं नाही. कृपा करून सोडा.

मिरजेचा_तंबोरा
कॅम्पटोथेसिनचं नाव निघालंय म्हणून, ते शोधणाऱ्या दोघांतले एक आपल्या नंदुरबारचे. मनसुख वाणी. मुंबई विद्यापीठात शिकले, मग अमेरिकेत गेले आणि मन्रो वॉल यांच्याबरोबर १९६६ ला चिनी झाडातनं कॅम्पटोथेसिन काढलं, १९७१ ला टॅक्सॉलची रचना मांडली. कॅन्सरची दोन-दोन औषधं एकाच जोडीच्या हातून. २०२० ला गेले. आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात त्यांचा धडा असायला पाहिजे.

पेशीवाला
+१. आणि धाग्याच्या विषयाशी याचा थेट संबंध आहे. त्या काळात चाळणी म्हणून वापरायचे ते ल्युकेमियाच, उंदराचा, एल-१२१० नावाचा. १९६० ते १९८२ या काळात एनसीआयने सुमारे ३५ हजार वनस्पती-नमुन्यांचे लाखाच्या वर अर्क तपासले. त्यातनं औषध म्हणून टिकलेल्यांत नाव घ्यावं असं टॅक्सॉल आणि कॅम्पटोथेसिनचं कुटुंब. कृष्णा, 'औषधं कुठंयत' ते यात दिसतं. आणि कॅम्पटोथेसिनसुद्धा सरळ पोचलं नाही, १९७० च्या दशकात माणसांवर ट्रायल झाली तेव्हा मूत्राशयाला इतका त्रास झाला की थांबवावी लागली, रेणूत बदल करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान आली ती १९९६ ला. ३० वर्षं.

रानवाट दादांचं बरोबर आहे, नरक्या घेऊ नका. पेशी मरणार हे आधीच माहीत आहे, कशाने मरणार तेही माहीत आहे. नवीन काय कळणार?

खटावचा_पाव्हणा
तुमी सगळी शिकल्याली माणसं, पण आमच्याकडं एक म्हातारा पाला देतो, ब्लड कॅन्सरवर. लांबलांबनं गाड्या येत्यात. माझ्या वळखीच्या माणसाचं काउंट नॉर्मलला आलं, रिपोर्ट मी डोळ्यानं बगितला. त्या पाल्याची तपासणी करा की, प्लेटीत कशाला खेळत बसताय.

गोळीवर_बरा
पाव्हणं, मी स्वतः सीएमएलचा (ब्लड कॅन्सरचाच एक प्रकार) पेशंट आहे, इस्लामपूरचा. माझेही काउंट नॉर्मल आहेत, बरीच वर्षं, आणि मी रोज इमॅटिनिबची गोळी घेतो. गावात निम्म्या लोकांना वाटतं मी कुठल्यातरी काढ्यावर बरा झालो, कारण मला काढा देणारे चार जण होते आणि गोळी कुणाला दिसत नाही. तुमच्या ओळखीच्या माणसाला एकदा घरात बसवून प्रेमाने विचारा, हॉस्पिटलची गोळी बंद केली होती का. मला वाटतं नसेल केली.

कृष्णाताई, तुमच्या के-५६२ पेशी ५३ वर्षांच्या एका बाईच्या आहेत, तिला सीएमएलच होता, शेवटच्या टप्प्यातला. १९७० च्या दशकातली गोष्ट, तेव्हा ही गोळी नव्हती, ती २००१ ला आली. आपल्याकडे तिच्या पेटंटवरनं खटला झाला आणि सुप्रीम कोर्टाने २०१३ ला कंपनीचा दावा फेटाळला, म्हणून माझ्यासारख्याला जेनेरिक गोळी परवडते. माझ्या आजाराच्या बाईच्या पेशी कराडात येणार हे वाचून मी जरा वेळ थांबलो. नीट सांभाळा त्यांना.

कऱ्हाडची_कृष्णा
दादा, हे मला माहीत नव्हतं. के-५६२ म्हणजे माझ्यासाठी नुसता कॅटलॉगमधला नंबर होता. सांभाळेन नक्की.

पेशीवाला
एचएल-६० सुद्धा अशाच एका बाईच्या, ३६ वर्षांच्या, अक्यूट ल्युकेमियाच्या.

दादांचा मुद्दा प्रयोगातही आणा. के-५६२ ला पॉझिटिव्ह कंट्रोल (परिणाम दिसलाच पाहिजे अशी तुलनेची रांग) म्हणून इमॅटिनिब ठेवा. त्या पेशीत बीसीआर-एबीएल (ही गोळी ज्याला अडवते ते प्रथिन) आहे, त्यामुळे अगदी थोड्या इमॅटिनिबने ती मरते. एचएल-६० मध्ये ते नाही, ती त्या मात्रेला हलणार नाही. हा फरक तुमच्या प्लेटवर दिसला तर चाचणी नीट चाललीय म्हणायचं. नाही दिसला तर अर्काचे आकडे बघूच नका, आधी पेशी आणि पद्धत तपासा. मायकोप्लाझ्मा या बारीक जंतूची टेस्टही करून घ्या, ती लागण डोळ्याला दिसत नाही, मीडिया गढूळ होत नाही, आणि आकडे मात्र सगळे बिघडतात.

वैद्य_वाईकर
मी आयुर्वेदाची प्रॅक्टिस करतो. माझी हरकत वेगळी आहे. मिथेनॉलमध्ये सॉक्सलेट (अर्क काढायचं काचेचं उपकरण) लावून काढलेला गुळवेलीचा अर्क आयुर्वेदात कुठं सांगितलाय? आम्ही काढा देतो, सत्त्व देतो, घृत देतो, अनुपान बघतो, पेशंटचा अग्नी बघतो. तुम्ही मिथेनॉलचा अर्क ताटलीतल्या पेशीवर ओतता. पेशी मेली तर म्हणता आयुर्वेद सिद्ध झाला, नाही मेली तर आयुर्वेद खोटा. दोन्ही चूक. या चाचणीने आयुर्वेदाबद्दल काहीच कळत नाही, त्या वनस्पतीत एखादा विषारी रेणू आहे का एवढंच कळतं. ते कळणंही कामाचं आहे, माझा विरोध नाही, पण नाव आमचं लावू नका.

आणि पाव्हण्यांसाठी, माझ्याकडे कुणी फिकट पडलेला, अंगावर निळे डाग उठलेला, ताप न उतरणारा आला तर मी पाला देत नाही, आधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करायला लावतो आणि रिपोर्ट वाईट असला तर त्याच दिवशी मिरजेला नाहीतर पुण्याला पाठवतो.

पेशीवाला
वैद्यबुवा, तुमच्या पहिल्या परिच्छेदाशी शंभर टक्के सहमत. फक्त एक, पाण्यातला काढाही सोबत तपासायला हरकत नाही, लोक घेतात तो तोच असतो.

वैद्य_वाईकर
तपासा. पण काढा पोटातनं, लिव्हरमधनं जाऊन जे उरतं ते रक्तात येतं, काढा जसाच्या तसा नाही. तेवढं लिहा.

निवांत_सातारकर
गुळवेल आणि लिव्हर एका धाग्यात आलेच आहेत तर, कोव्हिडच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांत लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस छापल्या होत्या, २०२१ ला. आयुष मंत्रालयाने म्हटलं की ती गुळवेल नसून तिच्या नात्यातली दुसरीच टिनोस्पोरा असू शकते. खरं काय असेल ते असो, पण यातनं एक शिकावं, झाड नक्की कुठलं आहे हे पक्कं केल्याशिवाय काहीही छापू नये. नमुना दाबून, वाळवून पुण्याच्या बीएसआयकडनं (भारतीय वनस्पती सर्वेक्षण) ओळख पटवून घ्या.

लेकीची_आई
मी इथे फक्त वाचत असते, आज लिहावंसं वाटलं.

आमच्या लेकीला एएलएल (मुलांत होणारा ब्लड कॅन्सर) आहे, ट्रीटमेंट चालू आहे, आता शाळेत जायला लागलीय. सुरुवातीला दर आठवड्याला व्हिन्क्रिस्टिनचं इंजेक्शन असायचं. सिस्टरनी सांगितलं की हे सदाफुलीपासून बनतं. घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं, त्यांना इतका आनंद झाला, अंगणात सदाफुली आहेच, म्हणाल्या मग सुया कशाला टोचताय पोरीला, मी रस काढून देते. त्यांची माया खरी होती. डॉक्टरांनी मात्र दोघींना समोर बसवून ठामपणे नाही म्हणून सांगितलं, आणि का ते पण सांगितलं. त्या इंजेक्शनने लेकीला इतका मलावरोध व्हायचा, जबडा दुखायचा, मधे तर पायाचा पंजा उचलता येईना, फिजिओथेरपी लावावी लागली. एवढं मोजून दिलेलं औषध जर हे करतं तर अंगणातल्या पानात किती आहे कोण सांगणार.

पण मला लिहायचंय ते दुसरंच. एक माणूस घरी आला होता पावडर विकायला. त्याच्या हातात एका इंग्रजी पेपराची झेरॉक्स होती. त्यात एचएल-६० लिहिलेलं होतं, तेव्हा मला कळलं नाही, आता हा धागा वाचून कळलं. शेवटच्या ओळीखाली पेनाने रेघ मारलेली, की ही वनस्पती ल्युकेमियावरच्या उपचारासाठी वापरता येईल. तो म्हणाला ताई, हे मी म्हणत नाही, कॉलेजच्या प्रोफेसरांनी लिहिलंय. लेकीचे काउंट त्या आठवड्यात अगदी खाली होते, आम्ही घाबरलेले होतो, यांनी पाकिटाकडे हात नेलासुद्धा. मी अडवलं कारण डॉक्टरांचं बोलणं कानात ताजं होतं. आधीच्या महिन्यात आला असता तर मीच घेतली असती.

कृष्णा, तू कुठलंही झाड घे. पण तुझ्या पेपराच्या शेवटच्या ओळीत काय लिहितेस ते जपून लिही. ती ओळ तुझ्या सरांच्या कपाटात राहत नाही, ती आमच्या दारात येते.

वैद्य_वाईकर
ताई, लेकीला खूप आशीर्वाद. तुमची पोस्ट मी दवाखान्यात लावणार आहे, परवानगी असेल तर.

लेकीची_आई
नक्की लावा.

गोळीवर_बरा
ताई, लेक ठणठणीत होणार. मुलांचा एएलएल आता बरा होणारा आजार आहे, धीर सोडू नका.

पेशीवाला
ताईंच्या पोस्टवर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही, फक्त सदाफुलीची गोष्ट पूर्ण करतो, कारण आज्जी जे म्हणाल्या तेच आधी शास्त्रज्ञांनाही वाटलं होतं.

१९५२ च्या सुमाराला जमैकातनं सदाफुलीची पानं कॅनडाला गेली, तिकडे लोक मधुमेहावर त्याचा चहा प्यायचे (आपल्याकडेही सकाळी पानं चावणारे आहेत). रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी उंदरांना तोंडावाटे अर्क दिला, साखरेवर काही फरक नाही. मग शिरेतनं दिला तर उंदीर जंतुसंसर्गाने मेले. प्रयोग फसला म्हणून फेकून देता आला असता. त्यांनी बघितलं की पांढऱ्या पेशी कोसळल्यात. पांढऱ्या पेशी पाडणारी वस्तू पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरवर चालेल, हा विचार तिथनं आला. त्यातनं व्हिनब्लास्टिन, आणि एलाय लिलीच्या लोकांनी समांतर कामात व्हिन्क्रिस्टिन. १९६३ ला अमेरिकेत मंजूर झालं आणि पोरांच्या ल्युकेमियात इतर तीन औषधांबरोबर द्यायला लागले.

आता हिशोब. १ ग्रॅम व्हिन्क्रिस्टिनला साधारण अर्धा टन वाळलेली पानं लागतात. मोठ्या माणसाचा एक डोस जास्तीत जास्त २ मिलीग्रॅम, म्हणजे एका डोसला १ किलो वाळलेली पानं. ती चावून खाल्ली तर तेवढ्यात इतर पन्नास अल्कलॉइड्स पोटात जाणार आणि हवं ते औषध शिरेत पोचणारच नाही. काउंट खाली असलेल्या मुलाला असलं काही देणं म्हणजे थेट धोका.

अपर्णा_विश्रामबाग
वाखू (वाचनखूण) साठवली. मी सांगलीत शाळेत बायो शिकवते, नववीला हे सांगणार. एक शंका: निरोगी पेशी म्हणून काय घ्यायचं?

पेशीवाला
छान प्रश्न मॅडम, इथंच बरेच जण घसरतात. रक्तदात्याच्या रक्तातनं लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वेगळ्या करतात, त्याला एथिक्स कमिटीची परवानगी लागते. पण या पेशी स्वस्थ बसलेल्या असतात, विभागत नाहीत. आणि ल्युकेमियाच्या पेशी ताटलीत भराभर वाढत असतात. त्यामुळे नुसती वाढ थांबवणारी कुठलीही वस्तू टाकली तरी 'कॅन्सरच्या मेल्या, निरोगी वाचल्या' असं चित्र दिसतं. म्हणून लिम्फोसाइटना आधी पीएचए देऊन विभागायला लावायचं आणि मग अर्क टाकायचा. पीएचए हे राजम्यातलं लेक्टिन आहे. १९६० ला पीटर नोवेल यांनी त्याचा हा गुण दाखवला, आणि त्याच वर्षी सीएमएलच्या रुग्णांतलं छोटं गुणसूत्र (बीसीआर-एबीएल त्यातनंच येतं) शोधण्यातही तेच होते.

हळदवाला_सांगली
राजमा पण आमच्याकडे मिळेल. (हळदीचं दुःख विसरलेलो नाही.)

खटावचा_पाव्हणा
वळखीच्या माणसाला फोन केला. दवाखान्याची गोळी चालू हाय म्हणाला, पैल्यापास्नं. पाल्याबरोबर घेतो. म्या आता काय बोलू.

गोळीवर_बरा
काही बोलू नका, गोळी सोडू नको एवढं मात्र त्याला सांगा. आणि पाला घेतोय हे त्याने डॉक्टरांना सांगायला हवं. इमॅटिनिब लिव्हरमधे मोडतं, तिथं दुसरं काही आडवं आलं तर औषधाची पातळी वर-खाली होते. मला तर ग्रेपफ्रूटसुद्धा बंद आहे.

खटावचा_पाव्हणा
सांगतो. उद्या जातोच त्याच्या घरी.

रानवाट
मूळ प्रश्नाकडे येतो, झाड. रामेठा बघा. महाबळेश्वरच्या, पाचगणीच्या पठारांच्या कडेला भरपूर, पिवळी फुलं येतात. गुरं तोंड लावत नाहीत, पूर्वी ओढ्यात पाला ठेचून टाकून मासे धरायचे. झाड कमी होण्याची भीती नाही. वनखात्याच्या हद्दीत असेल तर रेंज ऑफिसातनं परवानगी काढा, मी ओळख करून देतो. हातमोजे घाला, रस अंगाला लागू देऊ नका.

पेशीवाला
दादा, हे नाव उत्तम काढलंत! रामेठा म्हणजे ग्निडिया. याच वंशातल्या (जीनसमधल्या) आफ्रिकेतल्या एका झाडातनं १९७५ ला कपचन यांच्या गटाने ग्निडिडिन वगैरे रेणू काढले होते, उंदराच्या ल्युकेमियाविरुद्ध काम करणारे. म्हणजे 'का निवडलं' याला उत्तर आहे: नात्यातल्या झाडात असं सापडलंय, गुरं खात नाहीत, माशांना विषारी. पूर्वापार माहिती आणि रसायनशास्त्र दोन्ही एकाच दिशेला.

पण एक धोका आधी सांगतो. हे रेणू जमालगोट्यातल्या फोरबोल एस्टरसारखं काम करतात, आणि फोरबोल एस्टर दिल्यावर एचएल-६० ची वाढ थांबते, त्या तरंगायच्या सोडून प्लास्टिकला चिकटतात आणि मॅक्रोफेजसारख्या (जंतू गिळणाऱ्या पेशींसारख्या) दिसायला लागतात. एमटीटीत आकडा खाली येईल आणि तुम्ही लिहाल 'मेल्या'. म्हणून रोज मायक्रोस्कोपखाली बघा, ट्रिपॅन ब्लू रंगाने मेलेल्या वेगळ्या मोजा. चिकटलेल्या दिसल्या तर ती बातमी मेलेल्यांपेक्षा मोठी आहे. आणि फोरबोल एस्टर स्वतः गाठ वाढवायलाही मदत करतात, तेव्हा लोकांना पाजायचं औषध म्हणून याच्याकडे कुणी बघायचं नाही.

दुसरं, अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवाल. साधारण सव्वा टक्का डीएमएसओ असला तर तो एकटाच एचएल-६० ला पांढऱ्या पेशींसारखं परिपक्व करतो, अर्काची गरजच नाही. शेवटची मात्रा ०.१ टक्क्याच्या आसपास ठेवा आणि तेवढाच डीएमएसओ नुसता घातलेली रांग प्रत्येक प्लेटवर पाहिजेच. तिसरं, पेशी न घालता नुसता अर्क आणि एमटीटी अशीही रांग लावा. पॉलिफिनॉल असलेले अर्क पेशींशिवायच पिवळ्याचं जांभळं करतात, मग मेलेल्या पेशी जिवंत दिसतात.

अपर्णा_विश्रामबाग
म्हणजे चूक दोन्ही बाजूंना होऊ शकते, जिवंत त्या मेलेल्या आणि मेलेल्या त्या जिवंत!

पेशीवाला
अगदी. आणि या पेशी तरंगत्या, त्यामुळे मीडिया ओतून टाकताना पेशीही जातात. प्लेट सेंट्रिफ्यूज करा, नाहीतर वरनं एसडीएस (साबणासारखं रसायन) घालून तो जांभळा रंग तिथंच विरघळवा.

कऱ्हाडची_कृष्णा
सगळ्यांचे मनापासून आभार. आज सरांशी बोलले, रामेठा ठरला. पानांचे आणि खोडाच्या सालीचे अर्क वेगवेगळे, मिथेनॉल आणि पाणी दोन्हीत. वैद्यबुवांनी सांगितल्याप्रमाणे पाण्याच्या अर्काला 'काढा' म्हणणार नाही आणि आयुर्वेदाचं नाव लावणार नाही. नमुना बीएसआयला पाठवणार. इमॅटिनिबची रांग सरांना फार आवडली, म्हणाले हे कुणी सुचवलं.

लेकीची आई, तुमची पोस्ट मी सरांना वाचून दाखवली. आमच्या विभागात आधीच्या बऱ्याच प्रोजेक्टांच्या शेवटी तेच वाक्य आहे. आम्ही ठरवलंय की निष्कर्षात फक्त एवढं लिहायचं: कुठल्या पेशी, किती मात्रा, किती तास, कंट्रोलला काय झालं. आणि वेगळी ओळ, की हे ताटलीतल्या पेशींवरचं काम आहे, ही वनस्पती विषारी आहे, कुणीही पोटात घेऊ नये. ही ओळ मराठीतही छापायची. सर आधी म्हणाले इंग्रजी पेपरात मराठी ओळ कशी चालेल, मग म्हणाले सारांशाचं पान मराठीत जोडू.

लेकीची_आई
बाळा, खूप मोठं काम केलंस. लेकीला दाखवलं, ती म्हणते ताईला विचार मायक्रोस्कोपमधनं मला बघायला देशील का.

कऱ्हाडची_कृष्णा
तिचे काउंट चांगले असतील आणि डॉक्टर हो म्हणाले की घेऊन या. कल्चर रूममध्ये नाही नेता येणार, पण बाहेरच्या मायक्रोस्कोपवर स्लाइड लावून ठेवते.

रानवाट
पाऊस उघडला की या, फुलावर असताना नमुना घेतला तर बीएसआयवाल्यांना ओळखायला सोपं जाईल.

पेशीवाला
प्लेटचा नकाशा काढला की इथं टाका, बघून देतो. कडेच्या रांगांत पेशी घालू नका, नुसतं पीबीएस (क्षारांचं पाणी) भरा, इन्क्युबेटरमध्ये प्लेटच्या कडेचे वेल (खळगे) सुकतात आणि तिथले आकडे खोटे येतात.